बहात्तराव्या जागेचं प्रकरण

१९२२ साली आवर्तसारणीत ल्युटेशियम आणि टँटलम यांच्यामध्ये एक चौकट रिकामी होती. अणुअंक ७२. रिकाम्या चौकटी तेव्हा आणखीही होत्या, पण या एका चौकटीवर आधीच कुणीतरी हक्क सांगितला होता आणि त्यावरून पॅरिस आणि कोपनहेगन यांची चांगलीच जुंपली. पॅरिसचं म्हणणं असं की हे मूलद्रव्य दुर्मिळ मृदा धातूंच्या, म्हणजे लॅन्थॅनम आणि त्याच्यासारख्याच गुणधर्मांच्या धातूंच्या, रांगेतलं शेवटचं. कोपनहेगनचं म्हणणं असं की ती रांग ७१ वरच संपते आणि ७२ हा झिर्कोनियमचा भाऊबंद आहे. मतभेद नुसता नावाचा नव्हता. ते मूलद्रव्य कोणत्या खनिजात शोधायचं, इथूनच वाट वेगळी होत होती.

आवर्त आणि गण शिकवताना बहुधा सोडियम-पोटॅशियम किंवा क्लोरीन-ब्रोमीन घेतात. आडवी ओळ म्हणजे आवर्त, उभा स्तंभ म्हणजे गण, गणातल्या मूलद्रव्यांची संयुजा सारखी. पाठ करायला सोपं. पण एखादं मूलद्रव्य कोणत्या स्तंभात पडणार हे त्याच्या ओळीच्या लांबीवर ठरतं, ही गोष्ट त्या सोप्या उदाहरणांत दिसतच नाही. ७२ च्या प्रकरणात ती ठसठशीत दिसते.

आधीचा इतिहास

मेंडेलीव्हच्या १८६९ च्या तक्त्यात ही जागा आहे. टायटॅनियम ५०, झिर्कोनियम ९० आणि त्यांच्या रांगेत पुढे प्रश्नचिन्ह, १८०. हे आकडे अणुवस्तुमानाचे, कारण अणुअंक ही कल्पना तेव्हा नव्हती. आज ७२ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं अणुवस्तुमान १७८.४९ धरतात. म्हणजे अंदाज जवळजवळ बरोबर होता. गंमत अशी की दोनच वर्षांनी, १८७१ च्या सुधारित तक्त्यात, मेंडेलीव्हने त्याच जागी प्रश्नचिन्हासकट लॅन्थॅनम बसवून टाकलं. दुर्मिळ मृदा धातूंनी त्याला शेवटपर्यंत छळलं. त्यांचे गुणधर्म एकमेकांशी इतके मिळतेजुळते, जवळपास सगळ्यांची संयुजा ३, की वेगवेगळ्या गणांत त्यांना टाकायचं तरी कसं? १९०२ मध्ये बोहुस्लाव्ह ब्राउनर यांनी तर सगळ्यांना मिळून एकच जागा द्यावी असं सुचवलं.

मुळात असे धातू एकूण किती, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आज दहा असतील, उद्या एखाद्याने स्फटिकीकरण आणखी चिकाटीने केलं की बारा होतील, अशी परिस्थिती. पॅरिसच्या झॉर्झ उर्बँ यांनी १९०७ मध्ये याच चिकाटीने इटर्बियममधून ल्युटेशियम वेगळं काढलं होतं. १९११ मध्ये त्याच मालातून आणखी एक मूलद्रव्य मिळाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि त्याला सेल्टियम नाव दिलं. दुर्मिळ मृदा धातूंच्या बाबतीत उर्बँ यांचा शब्द वजनदार होता, त्यामुळे दावा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

१९१३-१४ मध्ये हेन्री मोझली यांनी चित्र पालटलं. मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की त्यातून ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण निघतात (वर्णपटात ते रेषा म्हणून दिसतात). त्यांच्या वारंवारितेचं वर्गमूळ अणुअंकागणिक सारख्या टप्प्याने वाढतं, हे त्यांनी दाखवलं. आता मूलद्रव्यांना पक्के क्रमांक मिळाले आणि मधल्या गळालेल्या जागा मोजता येऊ लागल्या. लॅन्थॅनम ५७, टँटलम ७३, मध्ये बरोबर पंधरा चौकटी. त्यातल्या ६१ आणि ७२ रिकाम्या. उर्बँ १९१४ मध्ये आपला नमुना घेऊन ऑक्सफर्डला मोझलींकडे गेले. नमुन्यात इटर्बियम आणि ल्युटेशियमच्या रेषा स्पष्ट दिसल्या, ७२ ची दिसली नाही. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. वय सत्तावीस.

युद्धानंतर, १९२२ मध्ये, पॅरिसचेच भौतिकशास्त्रज्ञ दोविलिए यांनी उर्बँ यांचाच नमुना सुधारित उपकरणावर तपासला आणि ७२ च्या जागी दोन अगदी अंधुक रेषा दिसल्याचं सांगितलं. सेल्टियमच्या दाव्यात पुन्हा जीव आला.

मोजायचं कुठून?

इथे थोडं थांबू. प्रकरणाची खरी गाठ इथे आहे, आणि ती सोडवायला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. प्रत्येक आवर्त राजवायूवर संपतं: हेलियम २, निऑन १०, अरगॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४, रेडॉन ८६. आता झिर्कोनियमच्या खाली कोण येईल ते शोधायचं आहे. झिर्कोनियमचा अणुअंक ४०, म्हणजे क्रिप्टॉननंतर चौथी जागा. त्याच्या वरचं टायटॅनियम २२, म्हणजे अरगॉननंतर चौथी जागा. मग झेनॉननंतरची चौथी जागा घ्या: ५८, सिरियम.

आणि सिरियम फसवायला अगदी तयार बसलेलं आहे. दुर्मिळ मृदा धातूंमध्ये चार संयुजा सहज दाखवणारं हेच. सिरियमचा डायऑक्साइड स्थिर असतो, झिर्कोनियमसारखाच. मेंडेलीव्हनेही १८७१ च्या तक्त्यात त्याला चौथ्याच गणात ठेवलं होतं. एवढ्यावर थांबणाऱ्याला वाटेल, झालं, कुटुंब जुळलं.

पण एक जागा पुढे जाऊन बघा. नायोबियम ४१, त्याच्या खाली याच हिशोबाने ५९, प्रेझोडिमियम. नायोबियमची संयुजा ५, प्रेझोडिमियमची बहुतेक संयुगांत ३. आणखी पुढे, मॉलिब्डेनम ४२ च्या खाली ६०, निओडिमियम. सहा संयुजेच्या खाली पुन्हा तीन. कुटुंब विस्कटलं. सिरियमचं जुळणं हा योगायोग होता असं नाही म्हणणार मी, त्याला त्याची कारणं आहेत, पण एका जोडीवरून गण ठरत नसतो हे मात्र खरं. गण ठरवताना शेजारची जोडीही तशीच जुळते का, हे बघावंच लागतं.

आता उलटीकडून मोजा. झेनॉनच्या १४ जागा आधी झिर्कोनियम (५४ – १४ = ४०). क्रिप्टॉनच्या १४ जागा आधी टायटॅनियम (३६ – १४ = २२). मग रेडॉनच्या १४ जागा आधी काय? ८६ – १४ = ७२. शेजारी तपासा: १३ जागा आधी नायोबियम ४१, खाली टँटलम ७३, दोघांची संयुजा ५. १२ जागा आधी मॉलिब्डेनम ४२, खाली टंगस्टन ७४, दोघांची ६. ही मालिका कुठेही तुटत नाही.

पुढून मोजलं की ५८, मागून मोजलं की ७२. फरक १४. चौथ्या आणि पाचव्या आवर्तात हा फरक पडत नाही, कारण दोन्ही आवर्तं अठराची. सहावं आवर्त बत्तीसचं आहे आणि हे चौदा जास्तीचे घटक त्याच्या सुरुवातीच्या भागात घुसलेले आहेत. म्हणून सुरुवातीकडून केलेली मोजणी बिघडते आणि शेवटाकडून केलेली टिकते. कुटुंबातल्या पायऱ्याही हेच सांगतात: टायटॅनियम ते झिर्कोनियम १८ ची पायरी, झिर्कोनियम ते ७२ अशी ३२ ची.

इलेक्ट्रॉनांच्या भाषेत सांगायचं तर टायटॅनियम म्हणजे १८ + ४, झिर्कोनियम म्हणजे ३६ + ४, आणि ७२ म्हणजे ५४ + १४ + ४. मधले चौदा आतल्या ४एफ उपकवचात जाऊन बसतात, रासायनिक व्यवहारात पडत नाहीत. व्यवहाराला उरतात ते चारच.

नील्स बोर यांनी जून १९२२ मध्ये गटिंगनच्या व्याख्यानांत हाच निष्कर्ष मांडला. चौथ्या कवचात अठराचे बत्तीस इलेक्ट्रॉन होण्याची क्रिया ७१ ला पूर्ण होते, तेव्हा ७२ हा दुर्मिळ मृदा धातू असूच शकत नाही. ब्रिटनमध्ये चार्ल्स बरी या रसायनशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये स्वतंत्रपणे साधारण हेच लिहिलं होतं, त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. बोर यांचा सिद्धांत सगळाच बरोबर होता असंही नाही. बत्तीस इलेक्ट्रॉनांची कवचातली वाटणी त्यांनी ८, ८, ८, ८ अशी केली होती. २, ६, १०, १४ ही आजची वाटणी स्टोनर यांनी १९२४ मध्ये मांडली. बेरीज बरोबर, फोड चुकलेली. माझ्या मते बोर यांच्या निष्कर्षामागे पुंज सिद्धांताइतकाच वर केलेल्या मोजणीचाही हात होता.

दोविलिए यांची बातमी आल्यावर खुद्द बोरही डळमळले. गटिंगनमध्ये आपण सांगितलेल्या काही गोष्टी चुकीच्या ठरल्या, त्यात ७२ ची पहिली, असं त्यांनी त्या उन्हाळ्यात जेम्स फ्रँक यांना पत्रातून कळवलं. हिशोब बरोबर असूनही दोन अंधुक रेषांपुढे माणूस कचरतो, तो असा.

झिर्कॉनमधला शोध

कोपनहेगनला बोर यांच्या संस्थेत तेव्हा डर्क कोस्टर आणि जॉर्ज द हेवेशी होते. कोस्टर क्ष-किरण वर्णपटातले तज्ज्ञ, हेवेशी रसायनशास्त्रज्ञ. हिशोब मान्य केला तर शोधाची जागा आपोआप बदलते: दुर्मिळ मृदा धातूंची खनिजं सोडा, झिर्कोनियमची घ्या. त्यांनी नॉर्वेतल्या झिर्कॉन खनिजापासून सुरुवात केली.

रेषा कुठे दिसायला हवी हे आधीच काढता येतं. ल्युटेशियमची एल-आल्फा रेषा (क्ष-किरण वर्णपटातली एक ठळक रेषा) १.६१९५ अँगस्ट्रॉमला, टँटलमची १.५२२० ला. मोझलींच्या नियमाप्रमाणे मधल्याची वारंवारिता काढायला दोघांच्या वर्गमुळांची सरासरी घ्यायची. तरंगलांबीचा व्यस्त घेऊन त्याचं वर्गमूळ काढलं तर ल्युटेशियमचं ०.७८५८ येतं, टँटलमचं ०.८१०६. सरासरी ०.७९८२. उलट फिरवलं की तरंगलांबी १.५६९६ च्या आसपास पडते. आजच्या कोष्टकांत ७२ ची एल-आल्फा रेषा १.५६९६ अँगस्ट्रॉमलाच दिलेली आहे.

पण झिर्कोनियमच्या खनिजात ही रेषा शोधताना एक सापळा आहे. झिर्कोनियमची स्वतःची के-आल्फा रेषा ०.७८६ अँगस्ट्रॉमची. स्फटिकावरून परावर्तन होताना दुसऱ्या क्रमात ती दुप्पट तरंगलांबीच्या जागी उमटते, म्हणजे १.५७२ ला. शोधायच्या रेषेला जवळजवळ चिकटून! बेसावध माणूस झिर्कोनियमच्याच रेषेला नवं मूलद्रव्य समजेल. उतारा नळीच्या व्होल्टेजमध्ये आहे. झिर्कोनियमच्या के-रेषा उठवायला सुमारे १८ हजार व्होल्ट लागतात, ७२ ची एल-आल्फा रेषा उठवायला साधारण साडेनऊ हजार पुरतात. व्होल्टेज या दोन्हींच्या मध्ये ठेवलं की झिर्कोनियम गप्प राहतं आणि १.५७ च्या जवळ जे उमटेल ते ७२ चंच.

रेषा मिळाल्या, आणि अंधुक नव्हे, चांगल्या ठळक. खनिज रासायनिक रीतीने जसजसं शुद्ध करत गेले तसतशा त्या आणखी गडद होत गेल्या. ११ डिसेंबर १९२२ रोजी बोर यांचं स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान होतं. त्याच्या थोडं आधी कोस्टर यांनी फोन करून खात्री दिली आणि बोर यांनी व्याख्यानाच्या शेवटी हा शोध जाहीर करून टाकला. लेख जानेवारी १९२३ मध्ये आला. कोपनहेगनच्या हाफ्निया या लॅटिन नावावरून मूलद्रव्याला हाफ्नियम म्हणायचं ठरलं.

पॅरिसने लगेच मान तुकवली नाही. आधी शोध कुणाचा यावर बरीच वर्षं खडाजंगी चालली आणि तिला राष्ट्राभिमानाची फोडणीही मिळाली. त्यात फार शिरण्यात अर्थ नाही. निकाल वर्णपटाने दिला: हाफ्नियमच्या रेषा नीट मोजल्यावर दोविलिए यांच्या रेषांची जागा त्यांच्याशी जुळेना, आणि १९११ मध्ये सेल्टियमच्या म्हणून दिलेल्या रेषा मुख्यतः शुद्ध ल्युटेशियमच्या निघाल्या.

मग इतकी वर्षं दिसलं का नाही?

हाफ्नियम दुर्मिळ नाही. पृथ्वीच्या कवचात ते चांदी-सोन्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. झिर्कोनियमच्या बहुतेक खनिजांत झिर्कोनियमच्या साधारण १ ते ५ टक्के हाफ्नियम असतं. क्लाप्रोट यांनी झिर्कोनियम ओळखलं ते १७८९ मध्ये. म्हणजे १३० हून अधिक वर्षं रसायनशास्त्रज्ञ ज्याला शुद्ध झिर्कोनियम म्हणत होते त्यात हाफ्नियम मिसळलेलं होतं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

कारण पुन्हा सहाव्या आवर्ताच्या लांबीत आहे, आणि मला या प्रकरणातला सगळ्यांत सुंदर भाग तो वाटतो. गणात वरून खाली आलं की एक कवच वाढतं, अणू मोठा होतो, असं आपण शिकतो. टायटॅनियमची धात्विक त्रिज्या १४७ पिकोमीटर, झिर्कोनियमची १६०. या चालीने हाफ्नियम आणखी मोठं हवं. ते आहे १५९. वाढ तर नाहीच, किंचित घटच.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरचा प्रभार वाढतो आणि अणू आक्रसतो, हा दुसरा नियम. सहाव्या आवर्तात ही चाल चौदा पावलं जास्त चालते. ४एफ मधले इलेक्ट्रॉन केंद्रकाचा ओढा नीट झाकू शकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक बाहेरचे इलेक्ट्रॉन थोडे आत ओढले जातात. लॅन्थॅनमच्या तीन धनप्रभारी आयनाची त्रिज्या १०३ पिकोमीटर, ल्युटेशियमपर्यंत पोचेस्तोवर ती ८६ वर येते. ७२ ला पोचता पोचता एका कवचाची वाढ या आकसण्याने पुरती खाऊन टाकलेली असते. चार धनप्रभारी झिर्कोनियम आयन ७२ पिकोमीटर, हाफ्नियम ७१. प्रभार तोच, आकार तोच. खनिज घडताना स्फटिकात एकाच्या जागी दुसरा बसला तर स्फटिकाला फरक कळत नाही, आणि आम्ल-अल्क वापरणाऱ्या रसायनशास्त्रज्ञालाही नाही.

म्हणजे ज्या चौदा घटकांमुळे ७२ ची जागा झिर्कोनियमच्या खाली आली, त्यांनीच त्याला झिर्कोनियमच्या आड लपवलंही. गणातलं साम्य इतकं टोकाला गेलं ते आवर्त लांबल्यामुळे.

वजन मात्र लपत नाही. झिर्कोनियमचं अणुवस्तुमान ९१.२२, हाफ्नियमचं जवळपास दुप्पट. आकार सारखा असल्यामुळे घनताही दुपटीने चढते: ६.५ वरून १३.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पण एक-दोन टक्क्यांच्या मिश्रणात हा फरक सहज डोळ्यांत भरत नाही.

दोघांना वेगळं करणं हे जिकिरीचं काम. हेवेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी फ्लोराइड लवणांचं पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण केलं, विद्राव्यतेतल्या बारीकशा फरकाचा फायदा घेत. शुद्ध हाफ्नियम धातू मिळवला तो व्हॅन आर्केल आणि डी बोअर यांनी, १९२० च्या दशकाच्या मध्यात, आयोडाइडची वाफ तापलेल्या टंगस्टनच्या तारेवर फोडून.

एवढं कशासाठी करायचं, हा प्रश्न अणुभट्ट्या आल्यावर उरला नाही. झिर्कोनियम औष्णिक (मंद) न्यूट्रॉन जवळजवळ शोषतच नाही, म्हणून इंधनकांड्यांची आवरणं त्याची करतात. हाफ्नियम त्याच्या सुमारे सहाशे पट शोषतं. आवरणाच्या धातूत ते राहून गेलं तर भट्टीच मंदावते, म्हणून ते कसून बाहेर काढावं लागतं. आणि बाहेर काढलेलं हाफ्नियम भट्टी काबूत ठेवणाऱ्या नियंत्रक कांड्यांना कामी येतं. अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी नॉटिलस, तिच्या भट्टीत अशाच कांड्या होत्या. रसायनात जुळे, केंद्रकाच्या बाबतीत दोन टोकं. आवर्तसारणी इलेक्ट्रॉनांचा हिशोब ठेवते, न्यूट्रॉनला त्या हिशोबाशी देणंघेणं नाही.

रांगेचं दुसरं टोक

७२ चा वाद मिटला, पण त्याच चौदांच्या पट्टीची कड कुठे धरायची हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. यिट्रियम ३९ च्या खाली कोण? पुढून मोजलं की ५७, लॅन्थॅनम. मागून मोजलं की ७१, ल्युटेशियम. इथे गंमत अशी की दोघांचीही संयुजा तीनच, त्यामुळे शेजाऱ्यांची परीक्षा उपयोगी पडत नाही. यिट्रियमचा आयन ९० पिकोमीटरचा, ल्युटेशियमच्या ८६ ला जवळचा, लॅन्थॅनमच्या १०३ पासून दूर. आणि निसर्गातही यिट्रियम या मालिकेतल्या जड धातूंच्या सोबतीने सापडतं. मला ल्युटेशियमची बाजू भक्कम वाटते. भिंतीवरचे बरेच तक्ते मात्र अजून लॅन्थॅनम दाखवतात.

सातव्या आवर्तातही तीच परीक्षा पुन्हा झाली. ७२ + ३२ = १०४, आणि सातव्या आवर्ताच्या शेवटी असलेल्या ओगॅनेसॉनपासून मागे मोजलं तरी ११८ – १४ = १०४. ग्लेन सीबोर्ग यांनी १९४० च्या दशकात ॲक्टिनाइड मालिका लॅन्थॅनाइडांच्या खाली मांडली. त्या मांडणीनुसार १०३ ला मालिका संपून १०४ हाफ्नियमच्या खाली यायला हवं होतं. हे मूलद्रव्य निसर्गात सापडत नाही, मोजकेच अणू बनवावे लागतात आणि तेही पटकन विघटित होतात. तरी १९६० च्या दशकात सोव्हिएत संघातल्या दुबना येथे त्याच्या क्लोराइडची चाचणी घेतली गेली. ॲक्टिनाइडांची क्लोराइडं सहजी उडून जात नाहीत, हाफ्नियमचं जातं. १०४ चंही उडून गेलं. शोध आधी कुणी लावला यावर दुबना आणि अमेरिकेतलं बर्कली पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले, पण ते चौथ्या गणात बसतं याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं.